पाणी परत येण्याची शक्यता नाही

माझ्यामुळं एक देवमासा मेला. मी तेव्हा येलदरीजवळच्या एका गावात, शाळेवर भूगोल शिकवत होतो आणि आमच्यापासून समुद्र एक दिवस आणि एक रात्र एवढ्या अंतरावर होता. म्हणजे हा पराक्रम बसल्या जागी झालेला नाही. त्यासाठी मला अर्ज करावे लागले, गाडी ठरवावी लागली, बेचाळीस पोरं गोळा करावी लागली आणि त्यांच्या बापांना पटवून द्यावं लागलं की, समुद्र पाहिल्याशिवाय भूगोल डोक्यात शिरत नाही. माझ्या डोक्यात तो पाहूनही शिरला नाही, ही गोष्ट नंतरची.

मी स्वतः तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. पण शिकवत होतो. भरती-ओहोटी हा माझा हातखंडा धडा होता. फळ्यावर पृथ्वी, तिच्या डोक्यावर चंद्र, दोन्ही बाजूंना फुगलेलं पाणी. निळा खडू मी त्या धड्यासाठी वर्षभर राखून ठेवायचो. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, हे मी पोरांकडून इतकं घोकून घेतलं होतं की, झोपेत उठवलं तरी सांगतील. परीक्षेला हमखास यायचं ते. परीक्षेला येणारी गोष्ट वाळूवरही येते, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता आमच्याकडं पाणी कसं असतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा मूर्खपणा पुरता कळायचा नाही. येलदरीचं धरण पावसाळ्यात भरतं आणि दिवाळीनंतर मागं सरायला लागतं. जसजसं सरतं तसतशी खालची काळी जमीन उघडी पडते आणि काठावरचे लोक तिच्यात हरभरा, करडई टाकतात. गाळपेर म्हणतात त्याला. जिथं श्रावणात भोयांच्या होड्या फिरतात तिथं माघात बैलगाड्या फिरतात, ट्रॅक्टर फिरतात. मीसुद्धा त्या जमिनीवर सायकल घालून पलीकडच्या गावी गेलेलो. आमच्या मुलखात पाणी एकदा मागं गेलं की मिरगाशिवाय तोंड दाखवत नाही. दुपारच्याला परत येणारं पाणी आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिलेलं नव्हतं. पाण्याला एवढी फुरसत असते हेच मुळात आम्हाला माहीत नव्हतं.

सहल निघाली ती दोन हिवाळे चुकवून. नामांतराच्या दिवसांत गाड्या कधी चालू, कधी बंद. पोरं घरी पोचतील याची खात्री नाही, तर सहलीला कोण पाठवतो. तिसऱ्या वर्षी जरा शांत झालं आणि एक लाल गाडी मिळाली. तिच्या डाव्या बाजूच्या दोन काचा फुटलेल्या होत्या, तिथं पत्रा ठोकलेला. त्या खिडकीशी कोण बसणार यावरून परभणी ओलांडेपर्यंत मारामाऱ्या चालल्या. शेवटी मी, सहलप्रमुख, स्वतः तिथं बसलो आणि समुद्रापर्यंत पत्रा बघत गेलो.

मोठी माणसं आम्ही तिघं. एक मी. दुसऱ्या, आमच्याच शाळेतल्या शिवणाच्या बाई, मुलींवर लक्ष ठेवायला. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या पिशवीत सुई, सुतळी, दाभण असं सामान कायम असायचं, मग त्या लग्नाला निघालेल्या असोत की मयतीला. शिवाय बसायला-निजायला म्हणून शाळेच्या हॉलमधल्या चार लांब सतरंज्या त्यांनी टपावर बांधून घेतल्या होत्या. तिसरे ड्रायव्हरसाहेब. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, तोंडात पान, आणि मास्तर लोकांविषयी मनात पक्कं मत.

किनाऱ्याला लागलो तेव्हा नुकतं उजाडलेलं. रस्ता संपतो तिथं माडांच्या सावलीत एक लॉज नवीनच निघालं होतं, आणि पुढं सगळी वाळू. समुद्र कुठं आहे ते पोरांना शोधावं लागलं, इतका तो मागं गेलेला. आणि मधेच, ओल्या वाळूच्या काठावर, काहीतरी काळं पडलेलं. मला वाटलं होडी उलटी घातलीय.

लॉजचा मालक धावतच आला. गळ्यात टॉवेल, हातात कोळसा, कारण तो एका फळीवर बाण काढत होता. "नशीबवान आहात," तो म्हणाला. "देवमासा लागलाय. जिवंत. रात्रीच्या भरतीला आला. एवढ्या जवळून कुणाला बघायला मिळत नाही. जा, हात लावा, काही करत नाही तो."

त्याच्या फळीवर 'देवमासा पाहण्यासाठी इकडून' असं लिहिलेलं होतं. पहाटे मासा दिसल्या दिसल्या या गृहस्थाला काय सुचलं असेल, तर ही फळी. मी त्याला नावं ठेवायला नकोत. मला जे सुचलं ते यापेक्षा वाईट होतं.

मला फोटो सुचला. तालुक्यातल्या दुसऱ्या एका शाळेनं मागं कुठल्याशा किल्ल्यावर तोफेच्या शेजारी उभं राहून फोटो काढला होता आणि तो त्यांच्या ऑफिसात टांगला होता. त्या तोफेनं मला दोन वर्षं झोप लागू दिली नव्हती. आता माझ्यासमोर जिवंत देवमासा होता. लॉजमालक म्हणाला, तालुक्याहून फोटोवाला बोलावलाय, दहापर्यंत येईल. मी लगेच मनात चौकट आखली: पुढं पोरं, पोरांमागं मासा, माशामागं आमची लाल गाडी, गाडीमागं समुद्र. म्हणजे गाडी माशाच्या पलीकडं, समुद्राच्या बाजूला पाहिजे.

ड्रायव्हरसाहेबांनी वाळूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पानाची पिंक टाकली.

"मास्तर, म्या हितं गाडी घालीत नसतो. पानी आलं तं?"

"कुठून येतंय? बघा की किती मागं गेलंय. खालची वाळू दगडासारखी झालीय. येलदरीला आपण ट्रॅक्टर घालतो का नाही?"

"येलदरीला माझी गाडी नसती."

"भूगोल कुणाचा विषय आहे?"

"तुमचाच. म्हणूनच तं भ्या वाटायलंय," ते म्हणाले. "लिहून द्या. जिम्मेदारी तुमची."

मी वहीचं पान फाडलं आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं: 'समुद्राचे पाणी ओसरले असून ते परत येण्याची शक्यता नाही. गाडी खाली नेण्यास हरकत नाही.' खाली सही, आणि सहीखाली 'भूगोल शिक्षक'. हे शेवटचे दोन शब्द कुणी मागितले नव्हते. ते मी हौसेनं घातले.

ड्रायव्हरसाहेबांनी ते पान दोनदा वाचलं, घडी घालून खाकी शर्टाच्या खिशात ठेवलं, गाडी खाली नेऊन मी दाखवलेल्या जागी उभी केली, आणि रात्रभराच्या जागरणानं मागच्या सीटवर आडवे झाले.

आता मासा. आमच्या गाडीपेक्षा थोडा लहानच. पिल्लू होतं म्हणे. पाठ काळी, जागोजागी सोललेली, खाली गळ्याला नांगरटीसारख्या लांब रेघा. एक डोळा आमच्या बाजूला होता. म्हशीच्या डोळ्यापेक्षा मोठा नव्हता, आणि तो हलत होता, हे मी पाहिलं. पाहिलं आणि पाठमोरा होऊन पोरांना रांगेत बसवलं.

धडा घ्यायची ही संधी मी कशी सोडणार? एका पोराच्या हातातली काठी घेतली आणि फळ्यावर दाखवतो तसं दाखवायला लागलो. हे कल्ले. हे शेपूट. डोक्यावरच्या चिरेवर काठी टेकवून म्हणालो, "आणि हा याचा कान." त्या कानातून फस्सकन् वाफेचा लोट निघाला आणि माझ्या तोंडावर आला. आठवडाभर उन्हात ठेवलेल्या मासळीचा वास येतो ना, तसा. ते त्याचं नाक होतं. बेचाळीस पोरं वाळूवर लोळून हसली. शिवणाच्या बाई हसल्या नाहीत. त्या पुढं आल्या, माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि लांब फेकून दिली.

तेवढ्यात गावाकडून पाच-सहा कोळी आले, त्यांच्या पुढं एक म्हातारा. होडीवरचा तांडेल होता तो, म्हणजे होडी त्याच्या हुकमात चालायची. त्याची बोली मला अर्धीच कळत होती, म्हणून त्याचं बोलणं इथं माझ्याच भाषेत लिहितो.

"मास्तर का तुम्ही?"

"हो. भूगोल."

"मग तुम्हाला सांगायला नको. आज पुनव आहे. भर दुपारी पाणी भरेल. रात्रीएवढं नाही, पण याच्या पोटाखाली येईल तेवढं. तेव्हा दोर लावून ओढायचा. रात्रीच्या भरतीपर्यंत थांबलो तर उन्हानं मरेल. तोवर याला ओला ठेवायचा, आणि माणसं लांब ठेवायची. पंधरा वर्षांमागं एक असाच लागला होता. लोकांनी बघून बघून मारला. मग वासानं महिनाभर गावाला जेवण गेलं नाही."

"वा," मी म्हणालो. "चांगलं काम आहे."

"आणि ती गाडी हलवा. त्याची वाट तिथनंच आहे."

"हलवतो," मी म्हणालो. "फोटो झाला की."

म्हाताऱ्यानं गाडीकडं बघितलं. "दहाच्या आत हलवा," एवढंच बोलला आणि फावडी घेऊन माशाच्या पोटाखालची वाळू काढायला लागला. मी मनात हिशेब केला. पाणी दोन शेतं लांब. येलदरीचं धरण भरायला अर्धा पावसाळा जातो. हे पाणी दुपारपर्यंत इथं येणार? किनाऱ्यावरची माणसं बाहेरच्याला भीती घालतातच, त्याशिवाय त्यांना कोण विचारणार, असं मी ठरवून टाकलं. चंद्र, निळा खडू, दिवसातून दोनदा, यातलं काही एक मला आठवलं नाही. पुनवेचा चंद्र रात्रभर माझ्या पत्र्याच्या खिडकीपलीकडं असणार. तोही मी पाहिलेला नव्हता.

शिवणाच्या बाईंनी मात्र म्हाताऱ्याला विचारलं, "ओला कसा ठेवायचा?" तो म्हणाला, गोणपाट टाकून, वरून पाणी मारत राहून, फक्त डोक्यावरचं नाक सोडून. गावात गोणपाट होतं तेवढं आणलं, ते पुरेना. बाईंनी पदर खोचला, टपावरच्या चारही सतरंज्या खाली काढायला लावल्या, दाभण आणि सुतळी काढली आणि वाळूवर बसून सतरंज्यांना गोणपाटं जोडायला लागल्या. नाकाच्या जागी कात्रीनं गोल कापलं आणि त्याची कड दुमडून शिवली. मरणाऱ्या जनावरासाठी कड दुमडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पोरींनी हंडे, बादल्या, जेवणाचे डबे घेतले आणि रांग लावली. माझी पोरं फोटोवाल्याची वाट बघत भांग पाडत होती.

नऊपर्यंत फळीवरच्या बाणानं आपलं काम केलं. मोटारी यायला लागल्या. शहरातली माणसं होती. त्यांना किनारा पाहिजे असतो, फक्त त्याच्यात राहणारं कुणी नको असतं, आणि असलंच तर त्यानं फोटोपुरतं स्थिर राहावं. एका बापानं आपलं पोरगं सतरंजीवरून माशाच्या पाठीवर बसवलं. एकानं चावीनं शेपटीवर बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं, आणि बायको लाजली. एक म्हणाला, याला काहीतरी खायला द्या, आणि तोंडासमोर भेळेचा कागद ठेवला. कोळ्यांनी दोर धरून कडं केलं, तर लॉजमालक हात जोडून म्हणायला लागला, "लांबून आलेत हो, पाहुणे आहेत, बघू द्या." म्हातारा म्हणाला, "हाही पाहुणाच आहे, आणि तुझ्या पाहुण्यांच्या आधी आलाय."

मला हे ऐकून त्या शहरी लोकांचा भयंकर राग आला. अडाणी कुठले, असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा. हे मी लाल गाडीच्या सावलीत उभं राहून म्हणालो.

फोटोवाला दहाला येणार होता तो अकराला आला. पोरं उभी केली, उंच मागं, बुटकी पुढं. बाई आल्या नाहीत, पोरींतल्या निम्म्या आल्या नाहीत. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून म्हणाला, "मागं गाडीची चाकं दिसत नाहीत."

मी वळलो. चाकं पाण्यात होती.

ते पाणी कधी आलं, मी शपथेवर सांगू शकत नाही. त्यानं आवाज केला नाही, लाट आणली नाही. सारवल्यासारखं आलं, बोटभर, मग वीतभर. मी ड्रायव्हरसाहेबांना उठवलं. त्यांनी खिडकीतून खाली बघितलं आणि स्टार्टर मारला. गाडी सुरू झाली, मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि रवीसारखी खाली गेली. दगडासारखी ती वाळू आता लापशी झाली होती. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा गाडी एका कुशीवर कलली. आत बेचाळीस पोरांच्या वळकट्या, पिशव्या, डबे.

ड्रायव्हरसाहेब पायरीवर येऊन उभे राहिले. पाणी त्यांच्या चपलांना लागत होतं. त्यांनी मला शिवी दिली नाही, ती दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाले, "मास्तर, चार वर्सं ऱ्हायली होती माझी. गाडी बुडाली तं मला घरी बशिवतेत. माझ्या दोन पोरींची लग्नं व्हायचीत."

आणि तेवढ्यात मासा हलला. पोटाखाली पाणी गेलं होतं. सतरंजीखाली सगळी पाठ थरथरली, शेपूट एकदा वर उठून पाण्यावर आपटलं, आणि पोरी ओरडल्या. कोळ्यांनी शेपटीच्या बुडख्याला दोर घातलाच होता. दोन होड्या पाण्यात उभ्या होत्या. गावातले बहुतेक गडी मासेमारीला गेलेले, मागं उरलेले हे वीसेक जण. जाड दोर एकच. आणि होड्यांच्या आणि माशाच्या बरोबर मधे, त्याच्या वाटेवर, आमची गाडी.

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं माशाकडं बघितलं, मग पायरीवर उभ्या ड्रायव्हरसाहेबांकडं. फार वेळ घेतला नाही त्यानं.

"दोर सोडा," तो म्हणाला. "गाडीला लावा. माणसाचं पोट आहे."

दोर सुटला तेव्हा शिवणाच्या बाईंनी माझ्याकडं बघितलं. तेवढं एकच बघितलं.

मग आम्ही गाडी ओढली. वीस कोळी, बेचाळीस पोरं, तो चावीवाला, भेळवाला, लॉजमालकसुद्धा. चाकांखाली फळ्या घातल्या, त्यात ती 'इकडून' लिहिलेली फळीही गेली. मी सगळ्यात पुढं होतो. जोर लावून ओरडत होतो, सूचना देत होतो, आणि दोनदा दोरात पाय अडकून पडलो. दोन्ही वेळा मला बाजूला करण्यात त्यांचा वेळ गेला. पाणी इंजिनाला लागायला वीतभर उरलं असेल, तेव्हा गाडी डुचमळली, हलली आणि वर आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सवय असते त्यांना.

दोर परत माशाकडं नेईपर्यंत पाणी फिरलं होतं. म्हाताऱ्यानं वाळूवर काडी रोवली, थोडं थांबला आणि काडीपासून बोटभर मागं गेलेली ओल मला दाखवली. ओहोटी. माझ्या धड्यातला दुसरा मुद्दा. तरीही त्यांनी ओढून बघितलं. मासा अर्ध्या गाडीएवढा सरकला आणि थांबला. मग उरलेलं पाणी त्याच्या पोटाखालून निघून गेलं, सकाळी गेलं होतं तसंच, आवाज न करता.

उन्हं कलेपर्यंत तो जिवंत होता. आधी मिनिटामिनिटाला नाकातून वाफ यायची, मग उशिरानं, मग फार उशिरानं. बाई आणि पाच-सहा पोरी शेवटपर्यंत पाणी मारत होत्या. तो गेला तरी त्यांना कळलं नाही. म्हाताऱ्यानं बाईंच्या हातातली बादली धरली तेव्हा कळलं. बाईंनी सतरंज्यांची शिवण उसवली, गोणपाटं घडी करून म्हाताऱ्याला परत दिली, आणि सतरंज्या पिळून टपावर टाकल्या. लॉजमालक आपली फळी वाळूतून उकरत होता. मला म्हणाला, "चार दिवस तरी गर्दी राहील." पुढं कळलं की, पाचव्या दिवशी असा वास सुटला की माडांवरचे कावळेसुद्धा हलले, आणि त्याचं लॉज तीन महिने रिकामं पडलं. त्याबद्दल मला वाईट वाटावं असं बरेच दिवस वाटत होतं, पण वाटलं नाही.

परत येताना गाडीत कुणी गाणी म्हटली नाहीत. मी माझ्या पत्र्याशेजारी बसलो.

आता तुम्हाला वाटेल की, या माणसानं तोंड लपवलं असेल. छे. फोटो आला. गाडी कलण्याआधीच फोटोवाल्यानं एक काढून घेतला होता. त्यात मी माशाच्या शेजारी, एक हात सतरंजीवर ठेवून, जणू तो माझ्याच गोठ्यातला. फोटो ऑफिसात टांगला गेला, तोफेपेक्षा मोठ्या चौकटीत. आणि फोटो बघून लोक मला विचारायला लागले. मी सांगायला लागलो. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. गॅदरिंगला बोलावलं, जिंतूरला बोलावलं. प्रत्येक वेळी मासा वाढत गेला आणि गाडी लहान होत गेली. तिसऱ्या वर्षापर्यंत गाडी गोष्टीतून गेलीच. देवमासा शहरी लोकांनी मारला आणि मी अश्रू ढाळत उभा होतो, असं त्याचं रूप ठरलं. सागरी जीवन या विषयातला परभणी जिल्ह्यातला तज्ज्ञ म्हणून माझं नाव झालं. प्रतिस्पर्धी कुणी नव्हता.

फक्त दोन गोष्टी आड यायच्या. एक, ड्रायव्हरसाहेब. त्यांची नोकरी राहिली आणि माझं ते पानही राहिलं. जिंतूरच्या स्टँडवर नवा कुणी मास्तर दिसला की ते खिशातून घडी काढायचे, आणि 'परत येण्याची शक्यता नाही' हे शब्द मोठ्यानं वाचून 'भूगोल शिक्षक' यावर थांबायचे. दुसरी गोष्ट सतरंज्या. बाईंनी त्या पूर्णेत तीनदा आपटून धुतल्या, उन्हात टाकल्या, लिंबाचा पाला घालून ठेवल्या. वास गेला नाही. शाळेच्या हॉलमध्ये त्या अंथरल्या की पाहुणे एकमेकांकडं संशयानं बघायचे.

मग एका वर्षी आमच्या धरणावर पर्यटन आणायची टूम निघाली. परभणीहून मोठी माणसं आली. येलदरीला मोटारबोटी फिरवायच्या, काठावर बगीचा, लॉज, रविवारी गर्दी. बैठक आमच्याच हॉलमध्ये, त्याच सतरंज्यांवर. मागं भोई लोक बसले होते, कारण मोटारबोटी फिरवायच्या म्हणत होते त्या दोन कपारींतच, काठात पाणी आत शिरतं तिथं, पावसाळ्याच्या तोंडाला मासळी अंडी घालते. त्या कपारी गेल्या तर त्यांची जाळी गेली. एक म्हातारा भोई उठून तेवढंच म्हणाला, "सायेब, तेवढ्या दोन जागा सोडा, बाकी समदं घ्या," आणि खाली बसला. अध्यक्ष घड्याळ बघत होते.

अशा वेळी तज्ज्ञ गप्प बसतो का? मी उठलो. तासभर बोललो. देवमासा आणला, त्याचा डोळा आणला, शहरी लोकांचा अडाणीपणा आणला. माझ्या आवाजानं मलाच गहिवरून आलं. शेवटी मी ठराव मांडला: भोयांचं म्हणणं रास्त असल्यानं एक मत्स्यरक्षण समिती नेमावी, अनुभवाच्या आधारे तिचं अध्यक्षपद मी स्वीकारावं, आणि काठाकाठानं, जिथं पाणी मागं सरलेलं आहे तिथून, देखरेखीसाठी समितीला एक जीप द्यावी.

टाळ्या झाल्या. भोयांकडून नाही.

अध्यक्ष म्हणाले, महिलांच्या बाजूनं कुणी बोलावं. शिवणाच्या बाई निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर तीच पिशवी. त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरनं, सतरंजीची कड बोटांनी सारखी करत, टाका घालावा तशा सावकाश म्हणाल्या, "त्या दोन जागा या भोयांच्या हातात द्या. त्यांना समिती नको. आन् सर, तुमाला मासे वाचवायचेत ना? मग तुमी घरी बसा."